जंतूंचे वैरी आणि गोठ्यांतील रोग

गाय सुखरूप व्याली म्हणजे घरांत आनंद होतो. शेजारींपाजारीं चीक पोंचतो, खरवसाचा बेत ठरतो, मुलें गोठ्याच्या दारांतून हालत नाहींत. परंतु ज्यानें गोठा स्वतः सांभाळला आहे त्याचें लक्ष त्या दिवसांत खरवसाकडे नसून वासराकडे असतें. पहिल्या आठवड्यांत वासराला पांढरी हगवण लागली तर सकाळीं हुंदडणारें पोर संध्याकाळीं मान टाकून पडतें. डोळे खोल जातात, कान व पाय गार पडतात, आणि पुष्कळदां दुसरा दिवस मावळण्यापूर्वींच सर्व आटोपतें.

ह्या हगवणीचीं कारणें अनेक आहेत. पण अगदीं पहिल्या तीनचार दिवसांत ती लागली तर ‘कोलाय’ नांवाच्या जंतूचा संशय प्रथम घ्यावा लागतो. हा जंतु तसा परका नव्हे. माणसांच्या व गुरांच्या आंतड्यांत तो नेहमींच वस्ती करून असतो आणि सहसा कोणास उपद्रव देत नाहीं. परंतु त्याचे कांहीं वाण विषारी असतात, व नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगीं त्यांच्याशीं झुंजण्याचें बळ नसतें. गेल्या शतकाच्या मध्यापासून ह्या रोगावर प्रतिजैविक औषधें देण्याचा प्रघात पडला आहे. आतां मात्र हीं औषधें पूर्वीसारखीं लागू पडेनाशीं होत चाललीं आहेत, आणि म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टि पेनिसिलिनच्याही आधीं सांपडलेल्या एका उपायाकडे पुन्हां वळली आहे. तो उपाय म्हणजे जंतूंचा फडशा पाडणारे, जंतूंहूनही सूक्ष्म असे ‘जंतुभक्षक’. इंग्रजींतून आलेलें त्यांचें नांव बॅक्टेरिओफाज. गुराढोरांच्या रोगांवर त्यांचा उपयोग कसा झाला, कोठें यश आलें, कोठें आलें नाहीं, आणि त्यांपासून किती आशा धरावी, हें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

जंतुभक्षक म्हणजे काय

एका मिलिमीटर जागेंत सुमारें पांचशें कोलाय जंतु ओळीनें बसूं शकतात. त्यांना खाणारा जंतुभक्षक त्यांच्या दहाव्या हिश्श्याएवढा, किंवा त्याहूनही लहान. साध्या सूक्ष्मदर्शकांतून तो दिसत नाहीं. १९४० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हातीं आल्यावरच त्याचें रूप मनुष्याच्या दृष्टीस पडलें. अनेक कोनांचें एक डोकें, त्याला जोडलेली शेपटी, आणि कांहीं जातींत शेपटीच्या टोंकाशीं कोळ्यासारखे पाय, अशी त्याची घडण असते.

हा जीव एकटा असतां निर्जीवासारखा पडून राहतो. पण त्याच्या जातीला मानवणारा जंतु भेटला कीं तो त्याच्या पाठीस चिकटतो व डोक्यांतील आनुवंशिक द्रव्य त्याच्या पोटांत सोडतो. मग त्या जंतूचा सारा कारखाना परक्याच्या तैनातीस लागतो. सुमारें अर्ध्या तासांत जंतु फुटून मरतो आणि त्याच्या पोटांतून शंभराच्या आसपास नवे जंतुभक्षक बाहेर पडून दुसरे जंतु शोधूं लागतात. जंतु संपले म्हणजे त्यांचीही वाढ थांबते.

येथें एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढील सर्व यशापयश तिच्यावर अवलंबून आहे. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसा प्रत्येक जंतुभक्षक ठराविक जंतूसच चिकटतो. कोलायचा जंतुभक्षक घटसर्पाच्या जंतूला स्पर्श करीत नाहीं. इतकेंच नव्हे, तर कोलायच्या एका वाणाचा शत्रु दुसऱ्या वाणाला ओळखीतही नाहीं. प्रतिजैविक औषध म्हणजे शेतावरून फिरविलेला वणवा. त्यांत तणाबरोबर पीकही जळतें. जंतुभक्षक म्हणजे जाणत्या हातांतलें खुरपें. परंतु तण कोणतें हें आधीं ओळखतां आलें पाहिजे.

शोधाचा इतिहास

ह्या शोधाचा आरंभ पुष्कळजण आपल्या गंगामाईपासून करतात. १८९६ सालीं आग्र्याचे सरकारी रसायन-परीक्षक अर्नेस्ट हॅन्किन ह्यांनीं गंगा व यमुना ह्यांच्या पाण्यांत पटकीचे जंतु लवकर मरतात असें पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. तो गुण जंतुभक्षकांचाच, असें पुढें सर्वत्र गृहीत धरलें गेलें. परंतु मूळ निबंध बारकाईनें तपासून कांहीं शास्त्रज्ञांनीं २०११ सालीं शंका काढली. उघड्या भांड्यांत उकळलेल्या पाण्याचा गुण जात असे, पण तोंड बंद केलेल्या नळींत तापविल्यास तो राहत असे, असें हॅन्किन ह्यांनींच लिहून ठेवलें आहे. जंतुभक्षक उकळत्या पाण्यांत जगत नाहींत. तेव्हां तो गुण वाफेबरोबर उडून जाणाऱ्या एखाद्या द्रव्याचा असण्याचा संभव अधिक. गंगेच्या पाण्यांत जंतुभक्षक आहेत हें खरेंच आहे. परंतु त्या शोधाचें श्रेय १८९६ सालास देणें बरोबर नव्हे.

निर्विवाद शोध लंडनमध्यें, आणि तोही जनावरांच्या एका इस्पितळाच्या संस्थेंत लागला. ब्राउन इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेचे प्रमुख फ्रेडरिक ट्वॉर्ट ह्यांनीं गुरांच्या ‘जोन’ रोगाचा जंतु प्रयोगशाळेंत वाढवून आधींच नांव मिळविलें होतें. काचेच्या तबकडींत वाढत असलेल्या जंतूंच्या थरावर कांचेसारखे स्वच्छ ठिपके पडतात, आणि त्या ठिपक्यांतील अंश दुसऱ्या थरास लावला तर तोही विरघळतो, असें त्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलें. तें महायुद्धाचें वर्ष होतें. त्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

दोन वर्षांनीं, १९१७ च्या सप्टेंबरांत, पाश्चर संस्थेंतील फेलिक्स देरेल ह्यांनीं स्वतंत्रपणें हीच गोष्ट जगापुढें मांडली. फ्रेंच सैनिकांत आमांशाची सांथ आली असतां, बरे होत चाललेल्या रोग्यांच्या शौचांत आमांशाचे जंतु विरघळविणारें कांहींतरी असतें असें त्यांना आढळलें. हें ‘कांहींतरी’ सजीव असून जंतु खाऊन वाढतें, असें त्यांनीं ठासून सांगितलें आणि बॅक्टेरिओफाज हें नांव दिलें. देरेल ह्यांच्यापाशीं वैद्यकाची रीतसर पदवी नव्हती. पण दृष्टि तीक्ष्ण व धाडस मोठें होतें. निसर्ग रोग्याच्या पोटांत जो उपाय आपण होऊन करतो, तो मनुष्यानें हेतुपुरस्सर कां करूं नये, हा प्रश्न त्यांनीं प्रथम विचारला.

आधीं कोंबड्या, मग म्हशी

ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं प्रथम पशुपक्ष्यांतच शोधलें. १९१९ सालीं फ्रान्सच्या ग्रामीण भागांत कोंबड्यांच्या विषमज्वराची सांथ होती. सांथींतून वांचलेल्या कोंबड्यांच्या शरीरांत त्या जंतूचे जंतुभक्षक सांपडतात असें त्यांनीं पाहिलें, ते वाढविले, आणि रोग शिरलेल्या खुराड्यांतील पक्ष्यांना दिले. मरणाचें प्रमाण घटलें. त्याच वर्षीं पॅरिसच्या बालरुग्णालयांत आमांशानें अत्यवस्थ झालेल्या बारा वर्षांच्या मुलाला हा उपचार देण्यांत आला. तो देण्यापूर्वीं देरेल ह्यांनीं व रुग्णालयांतील डॉक्टरांनीं तेंच औषध स्वतः पिऊन पाहिलें होतें. मुलगा बरा झाला.

पुढें १९२० च्या सुमारास देरेल फ्रेंच इंडोचायनांत सायगांवला गेले. तेथें म्हशींत एक रोग वरचेवर उद्भवे. घसा सुजतो, ताप भडकतो, श्वास घरघरतो, आणि एकदोन दिवसांत धडधाकट जनावर मरतें. आमच्या खेडोपाडींच्या वाचकांनीं हीं लक्षणें वाचतांच रोग ओळखला असेल. आपल्याकडे त्याला घटसर्प म्हणतात, आणि पाऊस लागला कीं त्याच्या भयानें गोठे अस्वस्थ होतात. देरेल ह्यांनीं त्या जंतूचे जंतुभक्षक मिळवून म्हशींना टोंचले, आणि असें जनावर पुढें रोगापुढें टिकतें असा निष्कर्ष काढला. पुढें मनुष्यांतील रोगांच्या कामासाठीं ते हिंदुस्थानांतही आले. पटकीवर पंजाबांत, आणि त्यांच्या मागून आसामांत, जंतुभक्षकांचे मोठे प्रयोग झाले.

विस्मृतीचीं वर्षें

एवढा आशेचा आरंभ होऊन हें औषध मागें कां पडलें? त्याचें पहिलें कारण उतावळेपणा हें होतें. जंतुभक्षकांच्या बाटल्या वाटेल त्या रोगावर विकल्या जाऊं लागल्या. औषध नासूं नये म्हणून कांहीं बाटल्यांत अशीं द्रव्यें घालीत कीं त्यांनीं जंतुभक्षकच मरत. रोग कोणत्या वाणाच्या जंतूचा आहे हें न पाहतां औषध दिलें जाई. मग गुण आला तर चमत्कार, आणि न आला तर लबाडी, असा बोभाटा होई. औषध दिलेले व न दिलेले अशा दोन सारख्या गटांची तुलना करण्याची शिस्तही फार थोड्यांनीं पाळली. १९३४ सालीं अमेरिकन वैद्यकसंस्थेच्या पत्रिकेंत ह्या सर्व पुराव्याची कसून छाननी झाली, आणि पुष्कळ दावे अपुरे ठरले.

तेवढ्यांत पेनिसिलिन आलें. जंतु कोणता ह्याची फारशी चौकशी न करतां देतां येणारें, कुपींत टिकणारें आणि तत्काळ गुण देणारें औषध हातीं आल्यावर एकाच जंतूस ओळखणाऱ्या जंतुभक्षकांची आठवण कोणास राहावी? जॉर्जियांतील तिबिलिसी शहरीं देरेल ह्यांचे स्नेही जॉर्ज एलियाव्हा ह्यांनीं ह्या विषयाची संस्था उभारली होती. १९३७ सालीं एलियाव्हा स्टालिनच्या राजवटींत मारले गेले. पण संस्थेनें काम सोडलें नाहीं, आणि तें आजतागायत चालू आहे. पश्चिमेकडील देशांत मात्र हा विषय जवळजवळ मिटला.

इकडे प्रतिजैविकें गोठ्यांत केवळ औषध म्हणून राहिलीं नाहींत. १९५० च्या सुमारास असें दिसून आलें कीं, तीं थोड्या मात्रेनें खाद्यांत मिसळलीं तर कोंबड्या व डुकरें लवकर वजन धरतात. मग रोग असो वा नसो, तीं रोजच्या खाद्यांत पडूं लागलीं. थोड्या औषधाशीं रोज गांठ पडणारा जंतु हळूहळू त्याला पुरून उरतो, आणि ही विद्या शेजारच्या जंतूसही देतो. गोठ्यांतला जंतु गोठ्यांतच थांबत नाहीं. शेण, पाणी, हात आणि मांस ह्यांच्या वाटेनें तो घरांत येतो. कोलिस्टिन हें माणसांच्या अखेरच्या संकटासाठीं राखून ठेवलेलें औषध. त्याला निरुपयोगी करणारा व एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा गुण चीनमधील डुकरांच्या जंतूंत आढळल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. युरोपीय संघानें वाढीसाठीं प्रतिजैविकें चारण्यास २००६ च्या आरंभापासून बंदी केली. आपल्या सरकारनें अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांस कोलिस्टिन देणें २०१९ च्या जुलैंत बंद केलें.

हॉटन येथील वासरें

ह्या धोक्याची घंटा ज्यांनीं फार आधीं वाजविली त्यांत इंग्लंडमधील हॉटन येथील कुक्कुट-संशोधन केंद्राचे विल्यम्स स्मिथ हे एक होते. गुरांच्या आंतड्यांतील कोलाय जंतु औषधाला न जुमानण्याचा गुण एकमेकांस कसा देतात, ह्याचा त्यांनीं अनेक वर्षें अभ्यास केला होता. उतारवयांत हे गृहस्थ आपले सहकारी हगिन्स ह्यांच्यासह जंतुभक्षकांकडे वळले. देरेल ह्यांच्या वेळीं जी शिस्त नव्हती ती त्यांनीं पहिल्यापासून पाळली.

१९८२ सालीं त्यांनीं कोलायच्या एका घातक वाणानें आजारी पाडलेल्या उंदरांना जंतुभक्षकांचें एक इंजेक्शन दिलें. टेट्रासायक्लिन, अँपिसिलिन व क्लोरँफेनिकॉल ह्यांच्या अनेक मात्रांपेक्षां तें अधिक गुणकारी ठरलें. १९८३ मध्यें त्यांनीं वासरें, डुकरांचीं पिलें व कोंकरें ह्यांच्या हगवणीस हात घातला. वासरांना त्यांनीं दोन जंतुभक्षकांचें मिश्रण दिलें. हगवण सुरू होण्यापूर्वीं तें दिलें तर वासरें वांचत. हगवण लागल्यावर दिलें तर गुण येत नसे. जीं वासरें दगावलीं त्यांपैकीं बहुतेकांच्या आंतड्यांत पहिल्या जंतुभक्षकाला दाद न देणारे नवे कोलाय माजलेले आढळले.

तेव्हां त्यांनीं अधिक जोमदार जंतुभक्षक निवडले. हगवणीच्या कोलायचे सात वाण घेऊन त्यांपैकीं एकावर ना एकावर हमखास चालणारे सात जंतुभक्षक त्यांनीं जमविले. १९८७ सालीं जो निकाल प्रसिद्ध झाला तो आजही वाचणाऱ्यास थक्क करतो. कडक हगवण एकाच मात्रेनें बरी झाली, आणि त्या मात्रेंत जंतुभक्षक होते केवळ एक लाख. जेथें जंतूंची गणना अब्जांनीं करावयाची तेथें एक लाख म्हणजे समुद्रांत चमचाभर. रोग होऊं नये म्हणून तर शंभर जंतुभक्षकही पुरेसे ठरले. कारण उघड आहे: हें औषध पोटांत गेल्यावर, जंतु आहेत तोंपर्यंत, आपणच वाढत जातें.

पुढची गोष्ट आमच्या स्वच्छताप्रिय भगिनींना थोडी खटकेल. वासरांच्या खोल्यांतील गवताच्या बिछान्यावर जंतुभक्षकांचें पाणी शिंपडलें तरी रोग टळला. इतकेंच नव्हे, तर जंतुभक्षक देऊन बरीं केलेलीं वासरें ज्या खोलींत होतीं ती न धुतां तीत नवीं वासरें ठेवलीं, तर तींही बचावलीं. कारण पहिल्या वासरांच्या शेणांतून बाहेर पडलेले रक्षक तेथें आधींच पहाऱ्यास उभे होते. अर्थात् ह्यावरून गोठा न झाडण्याची सबब कोणी काढूं नये. जेथें हे रक्षक नाहींत तेथें न धुतलेली जमीन रोगच वाढविते.

ह्या प्रयोगांत अडचणीही दिसून आल्या. पोटांतील आम्लानें जंतुभक्षक मरतात. म्हणून त्यांची वेळ दुधाशीं जुळवावी लागली, किंवा खाद्यांत चुन्याच्या जातीचें आम्लशामक मिसळावें लागलें. गाईला पूर्वीं ते जंतुभक्षक टोंचलेले असतील तर तिच्या चिकांतील रोगप्रतिबंधक द्रव्यें त्यांचाच नाश करीत.

कासेंत अपयश

आंतड्यांत जें साधलें तें कासेंत साधलें नाहीं. दुभत्या गाईचा मोठा शत्रु म्हणजे कासेचा दाह, ज्यास कोठें कोठें दगडी म्हणतात. त्याचें एक चिवट कारण स्टॅफिलोकोकस ह्या जातीचा जंतु. कॅनडांत दुभत्या गाईंवर झालेल्या व २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ह्या जंतूचा नामांकित जंतुभक्षक सडांतून कासेंत सोडण्यांत आला. कासेच्या अठरा रोगी भागांपैकीं केवळ तीन बरे झाले. नुसतें मिठाचें पाणी सोडलेल्या वीस भागांपैकीं एकही बरा झाला नव्हता, हें खरें. परंतु एवढ्या फरकानें औषधाचा गुण सिद्ध झाला असें हिशेबी शास्त्रज्ञ म्हणूं शकले नाहींत. तपास करतां दुधांतील प्रथिनेंच आड येतात असें दिसलें. तीं जंतूच्या अंगावर पांघरुणासारखीं बसतात व जंतुभक्षकाला चिकटण्यास जागा मिळत नाहीं. म्हणजे जें दूध वासराच्या पोटांत ह्या औषधाला सांभाळून नेतें, तेंच कासेंत त्याची वाट अडवितें.

दुसरा एक धोका ह्याहून गंभीर आहे. सर्वच जंतुभक्षक जंतूंना मारीत नाहींत. कांहीं घरजांवयासारखे जंतूच्या आनुवंशिक द्रव्यांतच मुक्काम ठोकतात, आणि येतांना विष तयार करण्याची कृति घेऊन येतात. घटसर्प हेंच नांव ज्यास माणसांच्या बाबतींत आपण देतों, त्या डिप्थेरियाच्या जंतूला त्याचें विष अशाच पाहुण्यापासून मिळतें असें १९५१ सालीं दिसून आलें. पटकीच्या जंतूविषयींही १९९६ सालीं तेंच सिद्ध झालें. म्हणून औषधासाठीं केवळ मारक जातीचेच जंतुभक्षक घ्यावे लागतात, आणि त्यांचें संपूर्ण आनुवंशिक द्रव्य वाचून खात्री करून घ्यावी लागते. देरेल ह्यांच्या काळीं हें शक्य नव्हतें. आज तें प्रयोगशाळेंतलें रोजचें काम आहे.

आशा किती धरावी

आज अमेरिकेंत मांसावरील लिस्टेरिया ह्या जंतूच्या नाशासाठीं जंतुभक्षकांचें पाणी फवारण्यास २००६ पासून मुभा आहे. युरोपीय संघाच्या २८ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलेल्या पशुऔषधांच्या नव्या कायद्यानें जंतुभक्षकांस नव्या उपचारांच्या वर्गांत जागा दिली, आणि त्यांच्या तपासणीचे नियम २०२३ सालीं तेथील औषधसंस्थेनें प्रसिद्ध केले. नियमांची अडचण खरी आहे. इतर औषध एकदां ठरलें म्हणजे वर्षानुवर्षें तेंच राहतें. पण जंतु आपलें रूप पालटतात, म्हणून जंतुभक्षकांचें मिश्रणही वेळोवेळीं पालटावें लागतें. सदैव बदलणाऱ्या औषधावर मोहोर कशी उठवावी, हा प्रश्न सरकारी कचेऱ्यांस सोडवावा लागत आहे.

आमच्या मतें हॉटनच्या वासरांनीं जो धडा दिला तो असा: रोगाचा जंतु नेमका ओळखलेला असेल, तो आंतड्यासारख्या पोंचतां येण्याजोग्या जागीं असेल, आणि उपाय वेळीं होईल, तर जंतुभक्षक प्रतिजैविकांच्या तोडीस तोड उतरतात. ह्यांतलें एक जरी सुटलें तरी तें औषध पाण्यासारखें व्यर्थ जातें. लाळ्या-खुरकूत किंवा लंपी ह्यांसारख्या विषाणूंच्या रोगांत तर त्यांचा कांहींच उपयोग नाहीं. तेव्हां उद्यां कोणी एकाच बाटलींत सर्व रोगांचे जंतुभक्षक विकूं लागला, तर वाचकांनीं १९३४ ची आठवण ठेवावी.

तोंपर्यंत जें करण्यासारखें आहे तें जुनेंच आहे. वासरूं जन्मल्यावर पहिल्या कांहीं तासांतच त्याला पोटभर चीक पाजावा. वासरूं आईच्या पोटांतून रोगाविरुद्धची शिदोरी घेऊन येत नाहीं. ती त्याला चिकांतूनच मिळते, आणि दिवस उलटला कीं त्याचें आंतडें ती शोषून घेण्यास असमर्थ होतें. खरवस त्याच्या मागून. घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वीं टोंचून घ्यावी. पशुवैद्यानें सांगितल्याखेरीज प्रतिजैविक देऊं नये, सांगितलेलें अर्ध्यावर सोडूं नये, आणि औषध दिलेल्या गाईचें दूध ठरलेले दिवस घरांतही वापरूं नये व विकूंही नये. दूध उकळल्यानें त्यांतील औषधाचा अंश सगळा जातो असें नाहीं.

प्रतिजैविकें आपण वणव्यासारखीं वापरलीं म्हणून आज खुरपें शोधण्याची पाळी आली. तें हातीं येईलही. पण जंतु ओळखण्याची सवय, वेळीं उपाय करण्याची तत्परता आणि उगीच औषध न देण्याचा संयम हीं अंगीं नसतील, तर ह्या खुरप्याची धारही आपण तशीच बोथट करून ठेवूं.